देवमाशाचे वाटेकरी

इंडोनेशियन भाषेत 'पाउस' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक पोप आणि दुसरा देवमासा. लामालेरा नावाच्या गावात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात, कारण गाव पक्कं कॅथलिक आहे आणि पोट भरतं ते देवमाशावर. मराठीतही आपण या प्राण्याच्या नावात देव घातला आणि मासाही. त्यातला मासा चुकीचा आहे, हे शाळेत कळलं. देवाचं काय, ते लामालेरातल्या माणसांना विचारावं लागेल.

इंडोनेशियाच्या नकाशावर जावापासून पूर्वेकडे बोट फिरवत निघालं, की बाली, लोंबोक, सुंबावा, फ्लोरेस अशी बेटांची माळ लागते. फ्लोरेस संपलं की सोलोर, आदोनारा आणि लेंबाता ही तीन लहान बेटं येतात. लेंबाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून, काळ्या ज्वालामुखी खडकाच्या उतारावर लामालेरा वसलं आहे. वस्ती दीड-दोन हजारांची. कारभाराच्या दृष्टीनं गावाचे दोन भाग आहेत, वरचा आणि खालचा. मधे चर्च, खाली वाळूची अरुंद पट्टी, आणि त्या पट्टीला लागून गवती छपरांखाली एका ओळीत उभ्या असलेल्या होड्या. घरांच्या पुढे काठ्यांवर मांसाच्या पट्ट्या वाळत असतात. पट्ट्यांतून गळणारं तेलही वाया जात नाही.

गावाला शेती जवळपास नाही. डोंगर थेट समुद्रात उतरतो, माती खडकाळ, आणि पाऊस डिसेंबर ते मार्च एवढाच. शिवाय लामालेराचे लोक इथले मूळ रहिवासी नाहीत. त्यांच्या कुळकथांप्रमाणे पूर्वज समुद्रातल्या एका आपत्तीमुळे लेपान-बातान या बेटावरून निघाले आणि फिरत फिरत इथे पोचले. आधीपासून राहणाऱ्या कुळांनी त्यांना किनाऱ्यावर राहू दिलं. ती मूळ कुळं आजही 'जमिनीचे धनी' म्हणून ओळखली जातात, आणि त्याची किंमत आजतागायत चुकती केली जाते. कशी, ते पुढे येईल.

जमीन नाही, पण समोर जे आहे ते विलक्षण आहे. प्रशांत महासागरातलं पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधल्या फटींतून हिंदी महासागराकडे सतत वाहत असतं. त्यातल्या काही खोल वाटा लेंबाता, आलोर आणि तिमोर यांच्या मधून जातात. किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की तळ एकदम खाली जातो. मे ते ऑक्टोबर आग्नेयेचा कोरडा वारा सुटतो, वरचं पाणी बाजूला ढकललं जातं आणि खालचं थंड, सकस पाणी वर येतं. त्याबरोबर माकुल येतात आणि माकुलांमागे स्पर्म व्हेल. मोठा नर सोळा मीटरपर्यंत लांब, चाळीस-पन्नास टन वजनाचा. तो हजार मीटरांहून खोल बुडी मारतो. इतक्या खोलवरचा प्राणी एरवी किनाऱ्याजवळ कशाला येईल? इथे खोल पाणीच किनाऱ्याजवळ आलं आहे.

डोंगरावरून कुणाला फवारा दिसला की हाक येते, 'बालेओ!' ती हाक एका गळ्यातून दुसऱ्यात जात गावभर पसरते आणि हातातलं काम टाकून पुरुष खाली धावतात. होडीला स्थानिक बोलीत 'तेना' आणि बाहेरच्यांच्या तोंडी 'पेलेदांग' म्हणतात. लांबी साधारण दहा-अकरा मीटर, म्हणजे समोरच्या प्राण्यापेक्षा कमी. फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या, एकही खिळा नाही. शीड ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांचं विणलेलं. पुढच्या टोकाला बांबूची एक फळी समुद्रावर बाहेर आलेली असते. तिच्यावर 'लामाफा' उभा राहतो, हातात लांब बांबूच्या दांड्याला बसवलेला लोखंडी काटा घेऊन. फेकून काम होत नाही. तो काटा हातात धरूनच देवमाशाच्या पाठीवर उडी मारतो, म्हणजे काट्याबरोबर त्याच्या देहाचं वजनही आत जातं. मग पोहत होडीकडे यायचं. हे अंगावर काटा आणणारं दृश्य म्हणूनच लामालेरा जगभर पोचलं. परदेशी छायाचित्रकारांनी त्या उडीची इतकी चित्रं टिपली आहेत, की पाहणाऱ्याला वाटावं, गाव म्हणजे ही एक उडी.

मला ती उडी या गावाची सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट वाटते. खरी गोष्ट उडीनंतर, वाळूवर सुरू होते.

देवमासा किनाऱ्याला ओढून आणला की त्याची चिरफाड मन मानेल तशी होत नाही. प्राण्याच्या अंगावर जणू आधीच रेघा आखलेल्या असतात. डोक्याचा अमुक भाग, बरगडीचा तमुक पट्टा, शेपटीजवळचा तुकडा, प्रत्येकाला नाव आहे आणि प्रत्येकाचा हक्कदार ठरलेला आहे. होडीवर गेलेल्यांचा वाटा वेगळा. लामाफाचा वेगळा. होडीचे मालक असलेल्या भावकीतल्या घरांचा वेगळा, मग त्या घरातलं कुणी त्या दिवशी समुद्रावर गेलेलं असो वा नसो. होडी बांधणाऱ्या सुताराचा वाटा आहे, काटे घडवणाऱ्या लोहाराचा आहे, शीड विणणाऱ्याचा आहे. आपल्याकडे याला बलुतं म्हणत. फरक इतकाच, की आपलं बलुतं खळ्यावर मोजलं जाई आणि हे वाळूवर. आणि ज्या मूळ कुळांनी शेकडो वर्षांपूर्वी बाहेरच्यांना किनाऱ्यावर राहू दिलं, त्या जमिनीच्या धन्यांनाही देवमाशाचा ठरलेला भाग जातो. मघाची किंमत ती ही. भाडेकरार कागदावर कधीच झाला नाही, पण तो मोडलाही नाही. या धन्यांकडे एक कामही आहे. मोसमाच्या सुरुवातीला डोंगरावर देवमाशाच्या आकाराच्या एका शिळेपाशी जाऊन ते विधी करतात, देवमाशांना हाक घालतात आणि मग उतरत खाली येतात.

वाटे झाले म्हणजे संपलं, असं नाही. वाटा घरी आला की घरातून पुढे निघतो. नातलग, शेजारी, विधवा, ज्या घरात धडधाकट पुरुष नाही ती घरं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड नोलिन यांनी गावातल्या तीनशेहून अधिक घरांच्या देवाणघेवाणीचा नकाशाच काढला, कोणत्या घरातून कोणत्या घरात मांस जातं याचा. जाळं दाट निघालं. शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकटा शूर पुरुष येतो. इथे तो एकटा नाही. देवमासा एका माणसाला मारता येत नाही आणि एका घराला खाताही येत नाही. पन्नास टन मांस उन्हात किती दिवस टिकणार? तेव्हा वाटून टाकणं हा चांगुलपणा आहेच, पण त्याहून अधिक तो साठवणीचा प्रकार आहे. आज मी तुझ्या पोटात साठवतो, उद्या तू माझ्या.

या सवयीची एक गमतीशीर परीक्षा झाली. 1990च्या दशकाच्या अखेरीस जगभरच्या पंधरा लहान समाजांत एकच खेळ खेळवला गेला. दोघांपैकी एकाला काही रक्कम द्यायची. त्यानं दुसऱ्याला त्यातला किती भाग द्यायचा ते ठरवायचं. दुसऱ्यानं मान्य केलं तर दोघांना आपापला वाटा मिळतो; नाही म्हटलं तर दोघांच्या हाती भोपळा. अर्थशास्त्राची पुस्तकं सांगतात, की पहिल्यानं अगदी थोडं द्यावं आणि दुसऱ्यानं तेही घ्यावं, कारण काही नसण्यापेक्षा थोडं बरं. प्रत्यक्षात कुठेच तसं झालं नाही. पेरूच्या जंगलात, जिथे प्रत्येक कुटुंब आपापली शेती आपापली करतं, त्या माचिग्वेंगा लोकांनी सरासरी सव्वीस टक्के दिले. लामालेरात मायकल अल्वार्ड यांनी हा खेळ मांडला. जुगाराचा वास येऊ नये म्हणून पैशांऐवजी सिगरेटची पाकिटं ठेवली. लामालेराच्या लोकांनी सरासरी अर्ध्याहून अधिक दिलं! बहुतेकांनी नेमके निम्मे केले, आणि बऱ्याच जणांनी निम्म्याच्याही पुढे हात सैल सोडला. बाहेरच्या माणसाला हे भोळेपण वाटेल. पण ज्याला रोज वाळूवर वाट्यांचा हिशेब करावा लागतो, त्याला पक्कं ठाऊक असतं, की कमी दिल्याचा कलंक पाकिटापेक्षा महाग पडतो.

आता बायकांकडे येऊ. छायाचित्रकार त्यांच्याकडे फारसे वळत नाहीत. समुद्रातून आलेलं मांस म्हणजे अजून जेवण नव्हे. त्यासाठी मका लागतो, केळी लागतात, रताळी लागतात, आणि ते सगळं डोंगरावरच्या शेतकरी गावांत पिकतं. तेव्हा वाळवलेल्या पट्ट्या, मीठ, चुना असं डोक्यावर घेऊन बायका पहाटेच चढ चढू लागतात, दारोदार जातात आणि संध्याकाळी धान्य घेऊन उतरतात. शेजारच्या वुलांदोनीला शनिवारचा बाजार भरतो. तिथे समुद्राच्या बायका एका बाजूला आणि डोंगराच्या बायका दुसऱ्या बाजूला बसतात. आधी बाजारकर वसूल होतो, मग शिट्टी वाजते आणि मगच अदलाबदल सुरू. मोजण्याचं एकक 'मुंगा', म्हणजे सहा नग. सहा केळी, सहा कणसं, आणि त्याच्या पटीत पुढे. मांसाच्या एका पट्टीला बारा कणसं, हा दर ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आर. एच. बार्न्स आणि त्यांच्या पत्नी रूथ बार्न्स यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी नोंदवला होता. बाजारात रुपयाही चालतो, पण मांस-मक्याच्या या व्यवहारात त्याला फार मान नाही. यामागे मागासलेपण शोधायची घाई करू नये. रुपयाची किंमत दूर जाकार्तात कुणीतरी ठरवतं. 1998 साली इंडोनेशियन रुपया कोसळला तेव्हा शहरातल्या माणसांची बचत एका वर्षात विरघळली. बारा कणसं मात्र बाराच राहतात.

याच बायका मागावर कापडही विणतात. सुताला आधी गाठी मारून रंगवायचं आणि मग विणायचं, ही तिथली पद्धत. इकत हा शब्द आपल्याकडे साड्यांच्या दुकानात पोचला आहे, तो मूळचा याच भाषांचा, 'बांधणं' या अर्थाचा. लामालेराच्या लुगड्यांवर होड्या, देवमासे आणि मांटा मासे दिसतात. पण सर्वांत मानाच्या कापडांवर एक वेगळीच नक्षी असते आणि ती आपल्या ओळखीची आहे. गुजरातचा पटोळा. पाटणचा आणि सुरतेच्या बाजारातला पटोळा डच आणि त्याआधीच्या व्यापाऱ्यांनी शेकडो वर्षं या बेटांवर मसाल्याच्या बदल्यात उतरवला. इथल्या कुळांनी तो अंगावर घालण्याऐवजी वारसा म्हणून जपून ठेवला आणि त्याची नक्षी आपल्या मागावर घेतली. रूथ बार्न्स यांनी लामालेराच्या वस्त्रांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हा धागा तपशिलानं येतो. लग्नात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना हस्तिदंत द्यावा लागतो, हीही या भागातली जुनी रीत. लेंबातावर हत्ती नाहीत. जगापासून तुटलेलं म्हणून ज्या गावाची ओळख करून दिली जाते, त्याच्या लग्नाची बोलणी परदेशी दातांवाचून पुरी होत नाहीत, आणि मानाचं लुगडं गुजरातेवाचून. दुर्गम म्हणजे काय, हे त्यामुळे जरा जपून बोलावं.

सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज कागदांत या बेटांवरचे लोक देवमासे मारून तेल काढतात असा उल्लेख सापडतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी आणि इंग्रज तेलजहाजं याच पाण्यात शिकार करत फिरत होती. पण खरा मोठा पाहुणा आला तो 1920 साली. बेर्नहार्ड बोडे नावाचे जर्मन धर्मगुरू इथे राहायला आले आणि गाव हळूहळू ख्रिस्ती झालं. पूजेत ठेवलेल्या पूर्वजांच्या कवट्या गेल्या, पण पूर्वज गेले नाहीत. आज मोसमाचा आरंभ 1 मे रोजी किनाऱ्यावरच्या मिस्सानं होतो. त्याच्या आधी समुद्रात जीव गमावलेल्यांसाठी प्रार्थना होते आणि पाण्यावर मेणबत्त्या सोडतात. घरात भांडण मिटलं नसेल तर होडीवर जायचं नाही, कारण जमिनीवरचं वैर समुद्रावर अंगाशी येतं, ही समजूत जुनीच आहे. चर्चनं तिला विरोध करण्याचं काहीच कारण नव्हतं. देवमाशांमधला एक प्रकार, दात नसलेला निळ्या देवमाशाच्या जातीचा, ते मारत नाहीत. कुळकथेत त्यानं त्यांच्या पूर्वजाला पाठीवरून वाहून आणलं.

बोडे यांच्या मागोमाग शाळा आली. मिशनच्या शाळेनं या खडकाळ गावाला इतर अनेक गावांच्या फार पुढे नेलं. गोरीस केराफ (1936–1997) हे लामालेराचे. जाकार्ताच्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवत. त्यांची इंडोनेशियन व्याकरणाची आणि निबंधलेखनाची पुस्तकं देशभरच्या मुलांनी वर्षानुवर्षं अभ्यासली, आणि स्वतःचा प्रबंध त्यांनी लिहिला तो आपल्या गावच्या बोलीवर. दीड-दोन हजार माणसांच्या बोलीचा पोरगा सत्तावीस कोटींच्या भाषेचं व्याकरण लिहितो, हे मला त्या उडीपेक्षा कितीतरी मोठं धाडस वाटतं. दुसरे सोनी केराफ. 1999 ते 2001 या काळात अब्दुर्रहमान वाहिद यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. खातं? पर्यावरण.

यात कुणाला विसंगती दिसली तर ती लामालेराची नाही. विसाव्या शतकात जगभरच्या देवमासे मारणाऱ्या कंपन्यांनी आणि सरकारांनी मिळून सात लाखांहून अधिक स्पर्म व्हेल मारले. मग 1986 पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाची बंदी आली. इंडोनेशिया त्या आयोगाचा सभासदच नाही, आणि लामालेराची शिकार उदरनिर्वाहाची. वर्षाला साधारण वीसेक स्पर्म व्हेल मिळतात, कधी अगदी दोन-चार, तर 1969 साली पन्नासच्या वर मिळाले होते. तरीही प्रश्न सोपा नाही. स्पर्म व्हेल आज धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. खुद्द इंडोनेशियाच्या कायद्यातही तो संरक्षित आहे, तरी लामालेराकडे सरकार डोळेझाक करतं. डोळेझाक म्हणजे हक्क नव्हे, हे गावकऱ्यांना कळतं. 2009 साली सावू समुद्रात राष्ट्रीय सागरी उद्यान जाहीर व्हायची वेळ आली, तेव्हा लामालेरातून मोठा विरोध झाला आणि अखेर लेंबाताभोवतालचं पाणी त्यातून वगळावं लागलं. 2014 साली मांटा माशाला देशभर पूर्ण संरक्षण मिळालं. देवमासा न मिळाल्यास मांटा हाच लामालेराचा आधार असतो, त्यामुळे तो दणका देवमाशाच्या बातम्यांपेक्षा जवळचा होता.

मांटाचा विषय निघाला म्हणून शेजारच्या सोलोर बेटावरच्या लामाकेराकडे पाहायला हवं. तेही समुद्रावर जगणारं जुनं गाव, फक्त मुसलमान. तिथे विसाव्या शतकाच्या अखेरीस चिनी औषधांसाठी मांटाच्या कल्ल्यांना गिऱ्हाईक मिळालं. पैसा आला, मोटारी होड्या आल्या, जाळी आली, शिकार वाढली. आणि 2001 ते 2014 या काळात हाती येणारे मांटा सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटले. नुसती परंपरा समुद्र वाचवत नाही. लामालेराची शिकार मर्यादेत राहिली त्याचं बरंचसं श्रेय, माझ्या मते, पूज्यभावाला नाही. ते आहे मक्याला. मांस ज्या बाजारात जातं तो डोंगरावरचा बाजार आहे, आणि डोंगर जितका मका देईल तितकाच देवमासा त्यात खपतो.

बाहेरच्या मदतीची एक कहाणीही इथे घडून गेली. 1973 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं नॉर्वेतला एक अनुभवी शिकारी आणि मोटारीची नौका इथे पाठवली. हेतू चांगला होता. कमी धोका, जास्त मांस. नौकेनं देवमासे मारलेही. पण तिच्यात सुताराचा वाटा कुठला? शिडाचा कुठला? कुठल्या भावकीची ती? प्रकल्प लवकरच गुंडाळला गेला. यंत्र चाललं होतं, फक्त त्याला नातेवाईक नव्हते.

मोटार मग आपल्या पायांनी आली, प्रकल्पाशिवाय. होडीमागे लावायच्या इंजिनाला गावात 'जॉन्सन' म्हणतात, एका परदेशी कंपनीच्या नावावरून. लहान मोटारहोडी एका घराची असते, भावकीची नसते. तिला रॉकेल किंवा पेट्रोल लागतं, त्यासाठी रोख रुपया लागतो, आणि रुपयासाठी विकता येईल असा मासा लागतो. मग रात्री प्रवाहात सोडायची लांब जाळी आली. आता मुंगाच्या शेजारी रुपयाचाही हिशेब बसला. जाळ्यात सापडलेल्या माशाचे वाटे पूर्वजांनी सांगून ठेवलेले नाहीत. ज्याचं जाळं त्याचा मासा. त्यात वीज आली, आणि विजेच्या मागून शीतपेटी येणारच. जो उद्यासाठी मांस बर्फात ठेवू शकतो, त्याला शेजाऱ्याच्या पोटात ठेवायची गरज उरत नाही. गावाला देवमासे कमी पडण्याची भीती आहे की वाटेकरी? मला दुसरी अधिक खरी वाटते.

रस्ता अजून वाईटच. जिल्ह्याचं ठिकाण लेवोलेबा पंचेचाळीसेक किलोमीटरवर, पण ट्रकला लाकडी बाकं ठोकून केलेल्या गाडीतून डोंगर ओलांडायला तीन-चार तास जातात. लेंबाता 1999 साली स्वतंत्र जिल्हा झाला, त्याआधी प्रत्येक कागदासाठी समुद्र ओलांडून फ्लोरेसवरच्या लारांतुकाला जावं लागे. 2014 च्या ग्रामकायद्यानंतर प्रत्येक गावाला सरकारकडून थेट निधी मिळू लागला. त्याला म्हणतात 'दाना देसा', आणि तो खर्च करतो गावचा प्रमुख, 'कपाला देसा'. कपाल म्हणजे डोकं आणि देश म्हणजे गाव. दाना म्हणजे धन म्हणा किंवा दान म्हणा, निधी आला की दोन्ही अर्थ चालतात. भाषेच्या बाबतीत आपल्याला इंडोनेशिया एवढं परकं वाटायचं कारण नाही. याच सुमाराला जाकार्ताहून पूर्वेकडच्या बेटांवर ठरलेल्या वेळापत्रकानं, सरकारी अनुदानावर मालवाहू जहाजं धावू लागली. हेतू हा, की सिमेंटची गोणी आणि तांदळाचं पोतं पूर्वेला दुप्पट दरानं विकलं जाऊ नये.

तरणी मुलं मात्र जहाजाची वाट उलट दिशेनं पाहतात. प्राथमिक शाळा गावात, पुढे लेवोलेबा किंवा लारांतुका, मग तिमोरवरचं कुपांग, मग जावा. या सगळ्या बेटांवरून मलेशियाच्या साबामध्ये मजुरीला जाणाऱ्यांचीही जुनी वाट आहे. शिकलेला मुलगा पैसे पाठवतो, त्यातून घर पक्कं होतं, भावंडांची फी भरली जाते. पण लामाफा व्हायचं तर फळीवर उभं राहायला लहानपणीच शिकावं लागतं, आणि त्या वयात तो वसतिगृहात असतो. एका घरात दोन मुलगे असले तर एक शाळेत आणि एक होडीवर, असा हिशेब पूर्वी बसे. आता घरोघर मुलंच कमी. होडीला बारा-पंधरा माणसं लागतात. वल्ह्यांवरच्यांना तिथे 'मात्रोस' म्हणतात, डच खलाशांकडून उचललेला शब्द. ते मात्रोसच पुरेसे जमले नाहीत तर सुतार असून काय आणि शीड असून काय.

शिवाय भूमी स्वस्थ नाही. 1979 च्या जुलैमध्ये लेंबाताच्या दक्षिण किनाऱ्यावरच डोंगराचा कडा समुद्रात कोसळला, त्याची लाट उलटून आली आणि पाचशेहून अधिक माणसं मेली. 2020 च्या नोव्हेंबरात बेटाच्या उत्तरेकडचा इले लेवोतोलोक हा ज्वालामुखी फुटला, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये सेरोजा नावाच्या चक्रीवादळाच्या पावसानं त्याची राख चिखल करून गावांवर आणली. समुद्र तर रोजचाच. 1994 साली मार्चमध्ये काटे रुतलेल्या देवमाशानं लामालेराच्या होड्या दिवसेंदिवस ओढत नेल्या; माणसं तहानेनं अर्धमेली झाली होती, तेव्हा वाटेत भेटलेल्या एका प्रवासी जहाजानं त्यांना उचललं. गावात तोवर त्यांच्यासाठी रडून झालं होतं.

पर्यटनानं हे सगळं सुटेल असं सांगणारे पुष्कळ आहेत. देवमासे मारू नका, पाहुण्यांना दाखवा. जगात काही ठिकाणी ते जमलं आहे. पण इथे पाहुणा येणार तो ट्रकच्या लाकडी बाकावर चार तास बसून, आणि आजवर आलेले बहुतेक जण देवमासा मारताना पाहायलाच आले होते. त्यांच्यासाठी गावानं उडी मारत राहायची, आणि त्यांच्यातल्याच काहींनी ती निषेधाच्या चित्रफितीत घालायची! यातून घरं भाड्यानं देणाऱ्यांना थोडे पैसे मिळतात, नाही असं नाही. फक्त या पैशातही सुताराचा वाटा नसतो.

मोटारीचं काय करायचं यावर गावानं किनाऱ्यावर बसून अनेक वर्षं वाद घातला. म्हाताऱ्यांना ती नको होती, तरण्यांना हवी होती, आणि देवमासा कुणासाठी थांबत नव्हता. निघाला तो तोडगा असा. हाक आली की जॉन्सन पुढे लागते आणि तेनाला दोरानं ओढत, वल्ह्यांनी कधीच गाठता आलं नसतं इतकं अंतर कापून देवमाशाजवळ नेते. मग दोर सोडतात. पुढचं अंतर वल्ह्यांनीच कापायचं, आणि काटा तेनाच्या फळीवरूनच उतरायचा, म्हणजे देवमासा तेनाचा ठरतो आणि वाळूवर सगळे वाटे जसेच्या तसे पडतात. मोटारहोडीलाही त्यात एक नवा वाटा लावून देण्यात आला.